जुन्या गाण्यांचे निवेदक : नावे जपणारा आवाज

चेन्नई : रेशमी साड्या आणि सोन्याच्या पेढ्यांसाठी प्रसिद्ध असलेले टी. नगर जुन्या तमिळ चित्रपटगीतांच्या श्रोत्यांना आणखी एका कारणाने जवळचे आहे. गीतकार कण्णदासन यांचे वास्तव्य येथे होते आणि त्यांचा पुतळाही येथेच आहे. शेजारच्या कोडंबाक्कममधील स्टुडिओंत घडलेली तमिळ गाणी १९५० आणि १९६०च्या दशकांत मद्रासच्या अनेक घरांत ऐकली जात, ती मात्र समुद्रापलीकडच्या कोलंबोहून.

या उलट्या प्रवासामागे दिल्लीतील एक निर्णय होता. पुण्यात जन्मलेले बाळकृष्ण विश्वनाथ केसकर १९५२मध्ये माहिती व नभोवाणी मंत्री झाले. शास्त्रीय संगीताचे पुरस्कर्ते असलेल्या केसकरांच्या काळात आकाशवाणीवरील चित्रपटगीतांचे प्रमाण घटले. चित्रपटाचे नाव घेणे ही जाहिरात ठरते, या भूमिकेतून निवेदनातील ते नावही वगळण्यात आले. नाराज निर्मात्यांनी प्रसारणाची परवानगी काढून घेतली आणि श्रोते रेडिओ सिलोनकडे वळले. अखेर ३ ऑक्टोबर १९५७ रोजी ‘विविध भारती’ सुरू करून आकाशवाणीने चित्रपटसंगीताला पुन्हा दार उघडले.

तोवर कोलंबोने निवेदकांची एक परंपरा घडवली होती. हिंदीत अमीन सयानी यांची ‘गीतमाला’ ३ डिसेंबर १९५२पासून घरोघरी पोहोचली. तमिळ विभागात एस. पी. मयिलवागनम आणि पुढे बी. एच. अब्दुल हमीद यांचे आवाज तमिळनाडूतही परिचित झाले. रेडिओ सिलोनवरील सकाळचा जुन्या हिंदी गाण्यांचा कार्यक्रम कुंदनलाल सैगल यांच्या गीताने संपवण्याचा प्रघात होता. ‘विविध भारती’च्या ‘भूले बिसरे गीत’नेही अनेक पिढ्यांची सकाळ अशाच सुरांनी भारली.

अशा कार्यक्रमात निवेदक नेमके काय करतो? गाण्याआधी चित्रपट, गायक, गीतकार आणि संगीतकार यांची नावे सांगणे, हे त्याचे पहिले काम. ही औपचारिकता नव्हे. ‘महल’ (१९४९) चित्रपटातील गाजलेल्या गीताच्या तबकडीवर गायिकेऐवजी ‘कामिनी’ हे पात्राचे नाव छापलेले होते. श्रोत्यांनी विचारणा केल्यावर आकाशवाणीने ध्वनिमुद्रिका कंपनीकडून माहिती मिळवली आणि लता मंगेशकर हे नाव निवेदनातून देशभर पोहोचले.

नावांतून काळही उलगडतो. विश्वनाथन–राममूर्ती ही तमिळ संगीतकार जोडी १९६५मध्ये विभक्त झाली. त्यामुळे एखाद्या गीतासोबत दोन्ही नावे उच्चारली गेली, की जाणकार श्रोत्याला त्याचा काळ साधारणपणे समजतो. फर्माईश करणाऱ्यांची नावे वाचण्याची प्रथाही याच परंपरेतील. झारखंडमधील झुमरीतलैया हे गाव देशाला माहीत झाले, ते तेथून येणाऱ्या पत्रांमुळे.

आज जुनी गाणी मोबाईलवर क्षणात सापडतात. मात्र तेथे अनेकदा मूळ चित्रपटाच्या वर्षाऐवजी संकलनाचे वर्ष दिसते आणि गीतकाराचे नाव शोधावे लागते. संगणकाने लावलेल्या गीतक्रमात तर ते कानावर पडतच नाही. तबकडीवर न छापलेला तपशील अनेक निवेदकांनी वह्यांत आणि स्मरणात साठवला. अमीन सयानी यांचे २० फेब्रुवारी २०२४ रोजी निधन झाले, तेव्हा या पिढीच्या ओसरण्याची जाणीव अधिक तीव्र झाली.

ध्वनिमुद्रणे डिजिटल स्वरूपात टिकतील. त्यांच्यासोबत निवेदकांच्या नोंदी आणि जुन्या कार्यक्रमांची निवेदनेही जपली गेली नाहीत, तर सूर उरतील. पण ते कोणी रचले, कोणी लिहिले आणि कोणी गायले, हे सांगणारा आवाज उरणार नाही.