नौकेतील विद्युत उपकरणांचे आवाज : बिघाडाची पूर्वसूचना

सातपाटी, ससून डॉक, हर्णै, मिरकरवाडा, मालवण या बंदरांतून मासेमारीसाठी निघणाऱ्या यांत्रिक नौकांवर आज बॅटरी, दिवे, पाणी उपसण्याचा पंप, बिनतारी संच, दिशादर्शक यंत्र अशी अनेक विद्युत उपकरणे असतात. मच्छीमार नौकांवर उपग्रहाद्वारे संदेश देणारी उपकरणे बसविण्याच्या राष्ट्रीय योजनेचा प्रारंभही ३० ऑगस्ट २०२४ रोजी पालघर येथेच झाला. ही सर्व साधने नौकेतील विजेवर अवलंबून असतात. खारे पाणी, दमट हवा आणि इंजिनाची सततची थरथर यांमुळे या विजेच्या जोडण्या लवकर गंजतात व सैल होतात. उपकरण बंद पडण्यापूर्वी ते बहुधा आवाजाने सूचना देते. ती ओळखता आली तर भर समुद्रात ओढवणारे संकट किनाऱ्यावरच टळू शकते.

आवाजाचे मूळ कसे शोधावे?

प्रथम इंजिन व सर्व उपकरणे बंद करावीत. नंतर एकेक उपकरण चालू करून आवाज केव्हा उमटतो हे पाहावे. इंजिनाची गती वाढताच बिनतारी संचातील गुणगुण चढत जात असेल, तर दोष बहुधा अल्टरनेटरमध्ये किंवा त्याच्या तारांत असतो. एरियलची तार सोडविल्यावरही गुणगुण कायम राहिली, तर ती वीजपुरवठ्याच्या तारांमधून येत आहे. थांबली, तर एरियलवाटे. एरियल सोडविलेले असताना संचावरून बोलू नये. त्यामुळे संच निकामी होऊ शकतो. हलक्या प्रतीच्या एलईडी दिव्यांमुळेही संचात खरखर येते. ती केवळ त्रासदायक नसते. व्हीएचएफ संचाच्या १६ क्रमांकाच्या वाहिनीवर येणारी संकटग्रस्त नौकेची हाक त्या खरखरीत हरवू शकते.

नेहमीचे आवाज व त्यांचे अर्थ

इंजिन सुरू करताना नुसतीच जलद टकटक ऐकू आली, तर बॅटरी उतरलेली असते किंवा तिची टोके गंजलेली असतात. पूर्ण भारित, विसावलेल्या १२ व्होल्टच्या बॅटरीचा दाब सुमारे १२.६ ते १२.८ व्होल्ट असतो. इंजिन चालू होताच कर्कश किंचाळी उमटत असेल, तर अल्टरनेटरचा पट्टा सैल अथवा झिजलेला असावा. पंप घुमतो पण पाणी फेकत नाही, अशा वेळी त्याच्या पात्यांत जाळ्याचा दोरा किंवा खवले अडकली आहेत काय, हे पाहावे. पंप वारंवार आपोआप चालू होत असेल, तर केवळ त्याच्या तरंगत्या बटणास दोष न देता नौकेत पाणी कोठून शिरते, याचाही शोध घ्यावा.

दोन आवाज मात्र तात्काळ दखल घेण्यासारखे आहेत. बटणफळी किंवा तारांच्या जोडापाशी होणारी चटचट म्हणजे सैल जोडणीतून उडणाऱ्या ठिणग्या होत. त्यांतून आग लागू शकते. भारण चालू असताना बॅटरीतून जोराची खदखद ऐकू येणे, हे अतिभारणाचे लक्षण होय. त्या वेळी बाहेर पडणारा हायड्रोजन वायू हवेत चार टक्के झाला, तरी ठिणगीने स्फोट होऊ शकतो. म्हणून बॅटरीची पेटी हवेशीर असावी व तिच्याजवळ विडी किंवा काडी पेटवू नये.

दुरुस्तीतील दक्षता

बॅटरी सोडविताना ऋण टोक प्रथम काढावे व जोडताना शेवटी जोडावे. इंजिन चालू असताना बॅटरी कधीही सोडवू नये. अल्टरनेटर जळण्याचा संभव असतो. फ्यूज वारंवार जात असेल, तर त्याजागी जाड तार न घालता कारण शोधावे. टोके घासून स्वच्छ करावीत, घट्ट बसवावीत व त्यांवर पेट्रोलियम जेली लावावी.

पावसाळी मासेमारी बंदीच्या काळात नौका किनाऱ्यावर ओढलेल्या असतात. ही तपासणी करण्यास तो काळ सर्वांत सोयीचा. किनारी गावांतील ग्रामपंचायती, मच्छीमार सहकारी संस्था आणि औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतील शिक्षक यांनी एकत्र येऊन बंदरावर एका दिवसाचे तपासणी शिबिर भरविल्यास तांडेल व खलाशी यांना हे ज्ञान प्रत्यक्ष हाताळून मिळेल. नारळी पौर्णिमेनंतर समुद्रात लोटली जाणारी प्रत्येक नौका अशा तपासणीतून गेलेली असणे, हेच तिच्यावरील माणसांच्या सुरक्षिततेच्या दृष्टीने हिताचे आहे.