पावसाळ्यात पेंडीची थप्पी

परवा आरे कॉलनीतल्या एका तबेल्यात सरकी पेंडीची थप्पी थेट भिंतीला टेकलेली दिसली. मागच्या पोत्यात हात घातला तर आतून कोमट, वास कुबट.

पोतं गरम लागलं की आत बुरशी नाहीतर कीड वाढतेय समजा.

मुंबईच्या पावसात हवेतली आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर जाते आणि पेंड ती ओढून घेते. पेंडीतला ओलावा १२-१३ टक्क्यांच्या पुढे गेला की बुरशीला रान मोकळं. तिचं अफ्लाटॉक्सिन हे विष म्हशीच्या दुधात उतरतं, दूध उकळूनही जात नाही. म्हणून बुरसटलेली पेंड उन्हात वाळवून परत घालू नका. फेकाच.

पोती लाकडी फळ्यांवर, जमिनीपासून वीतभर उंच ठेवा. भिंतीपासून हातभर जागा सोडा, म्हणजे मागे पडलेल्या उंदरांच्या लेंड्या दिसतात. उंदरांच्या लघवीतून लेप्टोस्पायरोसिस हा आजार पसरतो, तेव्हा साफसफाई करताना हातमोजे आणि गमबूट हवेतच.

ताडपत्रीने चहूबाजूंनी गच्च झाकू नका, दमटपणा आत कोंडतो. आधी आलेला माल आधी वापरा. आणि जून ते सप्टेंबर, भाव कितीही चांगला मिळो, पंधरवड्यापेक्षा जास्त साठा नकोच.