निळ्या पडद्यामागचा पंचनामा

सबमिशनची आदली रात्र आणि लॅपटॉपवर निळा पडदा! (नव्या विंडोज ११ मध्ये तो काळा झालाय, भीती तीच.) साताऱ्याच्या हॉस्टेलात काय नि सांगलीच्या लॅबमध्ये काय, लगेच पॉवर बटण दाबून धरलं जातं. थांबा राव!

खंबाटकी घाटात अपघात झाला की आधी वाहतूक अडवतात, मग पंचनामा. कर्नलचंही तसंच. लिनक्समध्ये 'पॅनिक' झालं की तो प्रोसेसर आधी स्वतःचे इंटरप्ट बंद करतो. कीबोर्ड, नेटवर्क कार्ड, कुणाचीच हाक ऐकायची नाही. कारण मधेच आलेल्या इंटरप्टच्या कोडनंही पॅनिक केलं, तर पहिलं पॅनिक अर्ध्यातच लटकेल. मग प्रीएम्प्शन बंद, म्हणजे दुसरं काम घुसून प्रोसेसर बळकावणार नाही. बाकीचे कोअरही थांबवले जातात. आता मेमरीचा डंप शांतपणे लिहिता येतो.

विंडोजच्या पडद्यावर सरकणारे टक्के म्हणजे हाच पंचनामा. १९ जुलै २०२४ ला क्राउडस्ट्राइकच्या सदोष अपडेटनं जगभरात सुमारे ८५ लाख विंडोज मशीन कोसळली, आपल्या विमानतळांवर बोर्डिंग पास हातानं लिहावे लागले. दोष कुठल्या ड्रायव्हरचा, हे मायक्रोसॉफ्टनं अशाच डंपांवरून पडताळलं.

म्हणून १०० टक्के होईपर्यंत बटणाला हात नको. नंतर सी ड्राइव्हच्या विंडोज फोल्डरमधलं 'मिनीडंप' उघडून बघा.