त्रिनिदादला जाताय? आधी हे वाचा

कॅरिबियनमधलं माझं सगळ्यात लाडकं ठिकाण म्हणजे त्रिनिदाद आणि टोबॅगो. जानेवारी ते मे कोरडा मोसम, तेव्हाच जा.

पहिलं काम यलो फीव्हरची लस. प्रवासाच्या किमान 10 दिवस आधी घ्या आणि प्रमाणपत्र पासपोर्टसोबतच ठेवा. ते नसेल तर भारतात परतल्यावर विमानतळावरूनच विलगीकरणात जावं लागू शकतं. लष्करी छापाचे कपडे मात्र घरीच ठेवा, तिथे सामान्यांना ते घालायला कायद्याने बंदी आहे. अगदी लहान मुलांचेसुद्धा!

शाकाहारी मंडळींनी खाण्याची चिंता करू नये. 1845 पासून आलेल्या भारतीय मजुरांनी तिथलं स्वयंपाकघरच बदलून टाकलं. सकाळी रस्त्यावर ‘डबल्स’ खा: दोन मऊ, हळदीच्या रंगाचे, पुरीसारखे तळलेले ‘बारा’, मधे छोल्यांची रस्साभाजी, वर चिंचेची चटणी. तिखट सांगताना ‘स्लाइट’ म्हणा, तिथली मिरची जबर असते.

राजधानी पोर्ट ऑफ स्पेनमध्ये रात्री एकट्याने पायी फिरू नका. टॅक्सीचा नंबर ‘एच’ने सुरू होतो, तो बघूनच बसा.

संध्याकाळी कॅरोनीच्या खारफुटीत बोटीने जाऊन लालभडक आयबिस पक्ष्यांचे थवे बघाच. फोटोसाठी दुर्बिणीइतकीच चांगली झूम लेन्स न्या, बोट लांबच थांबते.