‘कमी वीज’, पण कधी?

मंडळी, आज आपण नाव आणि वस्तू यांच्यातल्या अंतराबद्दल बोलू. उदाहरण हेडसेटचं घेऊ.

आमच्या ओळखीच्या काही विद्यार्थ्यांनी, आमच्यासारख्या कमी ऐकू येणाऱ्यांना व्याख्यान नीट ऐकता यावं म्हणून, स्वतः हेडसेट बनवायला घेतला. ‘ब्लूटूथ, कमी वीज’ एवढं वाचून मायक्रोकंट्रोलर निवडला. बोर्ड तयार झाला. फोनवर हेडसेटचं नाव दिसे, पण आवाज येईना. आम्ही आपले कानाला हात लावूनच बसलो.

चूक कुठे झाली? ब्लूटूथ या एकाच नावाखाली दोन पद्धती नांदतात. जुनी क्लासिक, आणि २०१० साली ४.० आवृत्तीबरोबर आलेली लो एनर्जी. पहिली ७९ वाहिन्या वापरते, दुसरी ४०. एकीचं बोलणं दुसरीला कळत नाही. फोन गाणी सहसा क्लासिकवरून, ए२डीपी या रीतीने पाठवतो. मुलांची चिप फक्त लो एनर्जीवाली! लो एनर्जीवरून ध्वनी नेणारी एलई ऑडिओ ही नवी सोय आहे खरी, पण ती फोन आणि हेडसेट दोघांतही हवी. म्हणून जुना-नवा कुठलाही फोन चालायचा, तर दोन्ही पद्धती जाणणारी, म्हणजे ड्युअल मोड चिप लागते. कुळाच्या नावावरही विसंबू नये. मूळ ईएसपी३२ दोन्ही जाणते, ईएसपी३२-सी३ मात्र फक्त लो एनर्जी.

आता ‘कमी वीज’. कमी, पण कधी? झोपेत की जागेपणी? हिशेब करू. समजा, एक चिप झोपेत २ मायक्रोअँपिअर घेते आणि वाजताना १२ मिलिअँपिअर. दुसरी झोपेत २०, म्हणजे दहापट. पण वाजताना ८. दिवसात ४ तास ऐकलं, २० तास बंद. झोपेचा खर्च पहिलीचा ०.०४ मिलिअँपिअर-तास, दुसरीचा ०.४. जागेपणीचा पहिलीचा ४८, दुसरीचा ३२! झोपाळू म्हणून निवडलेली चिपच बॅटरी आधी संपवणार. दारावरच्या सेन्सरचं उलट असतं. तो जवळजवळ सदा झोपलेला.

तेव्हा क्रम असा: आधी दोन्ही पद्धती आहेत का, मग वाजतानाचा प्रवाह, शेवटी झोपेतला. आणि स्वतःचा बोर्ड छापण्याआधी तयार चाचणी-बोर्ड आणून, आपलाच फोन जोडून, मीटरवर मोजावं.

मुलं आता तेच करताहेत. आम्ही पहिल्या रांगेत वाट पाहतोय.