बेलिफाने लिहिलेली तारीख

व्यापाऱ्या-व्यापाऱ्यांतल्या दाव्यांचं कामकाज पाहताना युक्तिवादांपेक्षा जास्त कानावर पडतो तो एक आकडा: 120. वकिलांचे कारकून तो बोटांवर मोजतात, नवखा पक्षकार तो ऐकून दचकतो. 2015 च्या वाणिज्यिक न्यायालय कायद्याने दिवाणी प्रक्रिया संहिता बदलली. समन्स बजावल्यापासून 30 दिवसांत प्रतिवादीने कैफियत द्यायची. न्यायालयाने कारण नोंदवून, खर्च बसवून मुदत वाढवली तरी 120 दिवसांनंतर कैफियत घ्यायचीच नाही. सुरुवातीला हा कायदा किमान 1 कोटीच्या वादांना होता. 2018 मध्ये ती रक्कम 3 लाखांवर आली आणि 120 चा आकडा बड्या कंपन्यांकडून गल्लीबोळातल्या पेढीपर्यंत पोचला. या दाव्यांत खरा धाक आहे तो याच मुदतीचा, कारण ती चुकली तर काय गमवायचं हे ठरलेलं आहे. आणि म्हणूनच सगळी हुशारी आता तिच्या पहिल्या दिवसाभोवती गोळा झाली आहे.

तो पहिला दिवस ठरवतो बेलिफ. समजा, इचलकरंजीतल्या सूत व्यापाऱ्याने एका यंत्रमागवाल्या पेढीला 8 लाखांचं सूत उधारीवर दिलं आणि पैसे अडकले. तातडीचा मनाई हुकूम वगैरे मागायचा नसेल तर आधी मध्यस्थीचा सोपस्कार करावा लागतो. 2022 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो सक्तीचा असल्याचं स्पष्ट केलं. तिथे जमलं नाही की दावा दाखल, आणि समन्स बजावणीची कामं वाटणाऱ्या नाझराकडून बेलिफाच्या हाती. बेलिफ पेढीवर जातो. गल्ल्यावरचा माणूस सांगतो, मालक बाहेरगावी गेलेत. पेढी भागीदारीची असेल तर त्या वेळी धंद्याची व्यवस्था पाहणाऱ्यावर केलेली बजावणी चालते. नुसत्या नोकराची सही पुरत नाही. मग गल्ल्यावर बसलेला तो दिवाणजी की नोकर? सोबत दाव्याची नक्कल दिली की नुसताच समन्सचा कागद? दार बंद म्हणून समन्स चिकटवलं, तर पत्ता कोणी दाखवला, साक्षीला कोण होतं? हे सगळं बेलिफ उभ्या-उभ्या, बहुधा कुणाच्या तरी टेबलाच्या कडेवर कागद ठेवून, चार ओळींत लिहितो. त्या अहवालावरच्या तारखेपासून 120 मोजायचे असतात. लाखांच्या वादाचं भवितव्य न्यायालयातल्या सर्वांत कमी पगाराच्या माणसांपैकी एकाच्या अक्षरावर टेकलेलं असतं, आणि त्याला याचं प्रशिक्षण किती मिळतं याची चौकशी फारसं कोणी करत नाही.

यावर आक्षेप असा, की वकिलाच्या दिरंगाईपायी पक्षकाराचं तोंड बंद करणं हा कसला न्याय? साध्या दिवाणी दाव्यांत न्यायालयांनी हीच करुणा दाखवली. तिथे 90 दिवसांची मुदत आहे, पण 2005 मध्येच ती मार्गदर्शक ठरली आणि पुढे मुदतीच्या अर्जांनी रोजनामे भरत राहिले. वाणिज्यिक दाव्यांत मात्र 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने 120 ची रेघ पुसायला नकार दिला. मला तो नकार योग्य वाटतो. करुणेचा खर्च नेहमी वादीच्या भांडवलातून जातो. आठ लाख अडकलेला व्यापारी तोवर सावकाराचं व्याज भरत असतो. शिवाय कैफियत गेली म्हणून सगळं गेलं असं नाही. कैफियतीविना दावा पुढे नेण्याचा ‘नो डब्ल्यूएस’ हुकूम झाल्यावरही वादीला आपलं म्हणणं शाबीत करायला न्यायालय सांगू शकतं, प्रतिवादीला उलटतपास घेता येतो. बिलं, चलनं, बाकी मान्य केल्याचं पत्र नसेल तर प्रतिवादी गप्प असूनही दावा पडू शकतो. ज्याच्याकडे सांगण्यासारखा बचाव आहे त्याला चार महिने कमी पडतात, हे मला तरी पटत नाही. सूत खराब निघालं असेल तर ते मागावर चढवतानाच कळलेलं असतं.

आक्षेपातला खरा अंश वेगळ्या ठिकाणी आहे. प्रतिवादीसाठी एवढी कडक असलेली घड्याळं पुढे ढिली पडतात. कामकाजाचं वेळापत्रक ठरवणाऱ्या पहिल्या सुनावणीपासून सहा महिन्यांत युक्तिवाद संपावेत, त्यानंतर निकाल 90 दिवसांत यावा, असं संहिता म्हणते. पण या मुदती उलटल्या तर प्रतिवादीने कैफियत गमावली तसं काही कोणीच गमावत नाही. हुकूमनामा हाती पडल्यावर वसुलीची दरखास्त करायची, आणि भारतात पक्षकाराची अडचण हुकूमनामा मिळाल्यावरच सुरू होते हे प्रिव्ही कौन्सिलने 1872 मध्येच नोंदवून ठेवलं आहे. 2021 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दरखास्ती सहा महिन्यांत निकाली काढायला सांगितल्या. सातव्या महिन्यात काय होतं? पुढची तारीख पडते. सूत व्यापारी पुन्हा नाझराकडे, या वेळी जप्तीच्या वॉरंटसाठी. आणि बेलिफ पेढीवर पोचतो तेव्हा माग बँकेकडे तारण असल्याचं कळतं.