वकिली कार्यालयातील कर्मचाऱ्यांसाठी संगणकाची मूलभूत परिभाषा : सोलापूरच्या संदर्भात एक विवेचन

प्रस्तावना

दावा मुदतीत दाखल होणे, पुढील तारखेची अचूक नोंद राहणे आणि निशाणी पडलेला कागद ऐन वेळी हाती येणे ही वकिली व्यवसायातील कामे बहुतांशी कारकून, टंकलेखक व कनिष्ठ साहाय्यक यांच्या हातून पार पडतात. सोलापूरचे जिल्हा न्यायालय असो की बार्शी, पंढरपूर, अक्कलकोट येथील न्यायालये असोत, या कर्मचारीवर्गाची साधने दीर्घकाळ टंकलेखन यंत्र, कार्बन कागद, रोजनिशी आणि फडक्यात बांधलेले दप्तर हीच होती. आज त्यांची जागा मोठ्या प्रमाणावर संगणकाने घेतली आहे. अनेक कर्मचाऱ्यांनी एमएस-सीआयटी किंवा संगणक टंकलेखनाचे प्रमाणपत्रही मिळविलेले असते. तथापि, कोणती कळ दाबावी हे ठाऊक असणे आणि त्या कळीमुळे दस्तऐवजाचे नेमके काय होते हे समजणे या दोन भिन्न गोष्टी आहेत.

प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन मर्यादित आहे. वकिली कार्यालयातील कर्मचाऱ्याने संगणकतज्ज्ञ होण्याची आवश्यकता नाही. परंतु काही मोजक्या संज्ञांमधील भेद त्याला स्पष्ट असणे अत्यावश्यक आहे, कारण त्यातील प्रत्येक भेदाशी पक्षकाराचा एखादा हक्क निगडित असतो. लेखाची उद्दिष्टे पुढीलप्रमाणे आहेत : (१) या संज्ञांचा अर्थ सोप्या शब्दांत सांगणे, (२) प्रत्येक संज्ञेचा न्यायालयीन कामाशी असलेला संबंध दाखविणे आणि (३) कार्यालयाने पाळावयाच्या किमान पद्धती सुचविणे.

पार्श्वभूमी

भारतीय न्यायव्यवस्थेच्या संगणकीकरणाचा आराखडा २००५ साली तयार झाला आणि ई-न्यायालये प्रकल्पाचा पहिला टप्पा २००७ मध्ये सुरू झाला. दुसरा टप्पा २०१५ पासून राबविण्यात आला, तर तिसऱ्या टप्प्यास केंद्रीय मंत्रिमंडळाने १३ सप्टेंबर २०२३ रोजी ७,२१० कोटी रुपयांच्या तरतुदीसह मान्यता दिली. त्यापूर्वी, २००० च्या माहिती तंत्रज्ञान कायद्याने इलेक्ट्रॉनिक अभिलेखाला कायदेशीर मान्यता दिलेली होतीच. दिनांक १ जुलै २०२४ पासून १८७२ च्या पुरावा कायद्याची जागा भारतीय साक्ष अधिनियम, २०२३ ने घेतली आहे. सोलापूरच्या दृष्टीने आणखी एक बदल महत्त्वाचा आहे. मुंबई उच्च न्यायालयाच्या कोल्हापूर येथील खंडपीठाचे कामकाज १८ ऑगस्ट २०२५ पासून सुरू झाले असून सोलापूर जिल्हा त्याच्या कार्यक्षेत्रात येतो. जिल्ह्यातील कागदपत्रे आता कोल्हापूरला जातात, आणि ती कागदाबरोबरच फाईलच्या रूपानेही जातात.

स्मृती आणि साठवण

संगणकात माहिती दोन ठिकाणी राहते. तात्पुरती स्मृती, म्हणजेच रॅम, ही टेबलावर पसरलेल्या कागदांसारखी असते; वीज जाताच ती रिकामी होते. कायम साठवण, म्हणजेच हार्ड डिस्क, ही कपाटासारखी असते. वीज गेली तरी तेथील माहिती टिकते. पडद्यावर दिसणारा मजकूर ‘सेव्ह’ केल्याशिवाय कपाटात जात नाही. दीड तास टंकलिखित केलेली कैफियत वीज गेल्याने नाहीशी होते ती याच कारणाने. म्हणून यूपीएस आणि वारंवार सेव्ह करण्याची सवय यांचा विचार एकत्रच करावयास हवा.

मजकूर आणि मजकुराचे चित्र

पीडीएफ हे फाईलचे एक स्वरूप होय. परंतु सर्व पीडीएफ सारख्या नसतात. वर्ड फाईलपासून तयार केलेल्या पीडीएफमध्ये अक्षरे अक्षरे म्हणूनच राहतात. स्कॅनरमधून तयार झालेली पीडीएफ मात्र केवळ पानाचे छायाचित्र असते. डोळ्यांना दोन्ही सारख्याच दिसल्या तरी दुसऱ्या प्रकारात पक्षकाराचे नाव शोधू गेल्यास संगणक काहीच दाखवीत नाही, कारण त्याच्या लेखी तेथे नाव नसून केवळ काळे-पांढरे ठिपके असतात. या चित्रातून अक्षरे ओळखून काढण्याच्या प्रक्रियेला ओसीआर म्हणतात. न्यायालयांच्या ई-फायलिंग नियमांत शोधता येण्याजोग्या पीडीएफचा आग्रह धरलेला असतो, तो याचसाठी. जुनी मोडी लिपीतील खते किंवा हस्तलिखित फेरफार यांच्या बाबतीत ओसीआरवर विसंबून चालत नाही; अशा कागदांचे लिप्यंतर जाणकाराकडूनच करून घ्यावे लागते.

फाईल ‘जड’ का होते, हेही येथेच समजून घेता येते. ए-चार आकाराचे पान प्रति इंच ३०० ठिपक्यांनी स्कॅन केल्यास सुमारे ८७ लाख ठिपके तयार होतात. निव्वळ काळ्या-पांढऱ्या स्कॅनमध्ये प्रत्येक ठिपक्याला एक बिट पुरतो आणि आठ बिटांचा एक बाइट होतो. त्यामुळे ते पान संकोचनापूर्वी सुमारे एक मेगाबाइट जागा घेते. रंगीत स्कॅनमध्ये प्रत्येक ठिपक्याला २४ बिट लागतात आणि तेच पान सुमारे २६ मेगाबाइटचे होते. साध्या टंकलिखित खरेदीखतासाठी रंगीत स्कॅन करणे व्यर्थ आहे. मात्र शिक्का, अंगठ्याचा ठसा किंवा शाईचा रंग वादाचा विषय असेल तर रंगीत स्कॅन टाळणे चुकीचे ठरते.

फॉन्ट आणि युनिकोड

जिल्हा व त्याखालील न्यायालयांत मराठीचा वापर होत असल्याने ही संज्ञा आपल्याकडे विशेष महत्त्वाची आहे. संगणक प्रत्येक अक्षर एका संकेतांकाच्या रूपात साठवितो. जुन्या पद्धतीच्या मराठी फॉन्टमध्ये साठविले जाणारे संकेतांक रोमन अक्षरांचे असत. फॉन्ट केवळ त्यांना देवनागरीचा पोशाख चढवीत असे. तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर फाईल उघडली की पोशाख उतरतो आणि निरर्थक रोमन अक्षरे दिसू लागतात. युनिकोडमध्ये देवनागरीच्या प्रत्येक वर्णाला स्वतःचा स्वतंत्र संकेतांक असल्याने मजकूर कोणत्याही आधुनिक संगणकावर वा भ्रमणध्वनीवर देवनागरीतच राहतो आणि शोधताही येतो. कार्यालयातील जुने नमुने युनिकोडमध्ये रूपांतरित करावेत. परंतु रूपांतरानंतर जोडाक्षरे, रफार आणि अंक मूळ छापील प्रतीशी ताडून पाहिल्याशिवाय ते वापरू नयेत.

युनिकोडमुळे शोध सुलभ झाला तरी तो अक्षरशः असतो. सोलापूर हे मराठी, कन्नड, तेलुगू व उर्दू भाषकांचे शहर आहे. येथील एकच नाव खरेदीखतात ‘चन्नवीर’, सातबारा उताऱ्यात ‘चनवीर’ आणि बँकेच्या कागदात रोमन लिपीत असू शकते. गावाचे नावही जुन्या कागदांत ‘शोलापूर’ असे आढळते. इतकेच नव्हे, तर ‘१२’ आणि रोमन पद्धतीचे बारा हे अंकही संगणकाच्या दृष्टीने भिन्न चिन्हे आहेत. एका शोधात नाव सापडले नाही म्हणून नोंदच नाही, असा निष्कर्ष काढू नये. सर्व संभाव्य लेखनपद्धतींनी शोध घेणे हा कर्मचाऱ्याच्या कौशल्याचा भाग आहे.

तारखेचे स्वरूप

कार्यालयीन तक्त्यासाठी एक्सेलसारखी प्रणाली वापरली जाते. आपण दिवस-महिना-वर्ष असे लिहितो, तर अमेरिकी मांडणी महिना-दिवस-वर्ष अशी असते. संगणकाची मांडणी अमेरिकी राहिली असेल तर काय घडते, हे एका काल्पनिक उदाहरणाने पाहू. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम १४८-अ नुसार कॅव्हेट दाखल केल्यापासून ९० दिवसांपर्यंत अमलात राहते. समजा, ते ८ जुलै २०२५ रोजी दाखल झाले आणि तक्त्यात ‘०८/०७/२०२५’ ही तारीख रोमन अंकांत टाकण्यात आली. प्रत्यक्षात त्याची मुदत ६ ऑक्टोबर २०२५ रोजी संपते. परंतु संगणकाने ती नोंद ७ ऑगस्ट अशी वाचल्यास तो मुदतीची अखेर ५ नोव्हेंबर दाखवील. दरम्यानच्या महिनाभरात पक्षकार स्वतःला सुरक्षित समजेल आणि विरुद्ध पक्षाला मात्र त्याच्या अपरोक्ष मनाई हुकूम मिळविण्याची वाट मोकळी असेल. तक्त्यात महिना अक्षरांत दिसेल असे स्वरूप निवडल्यास ही चूक नोंद करतानाच डोळ्यांना दिसते.

सीएनआर क्रमांक

ई-न्यायालये प्रणालीत प्रत्येक प्रकरणाला सोळा चिन्हांचा सीएनआर क्रमांक मिळतो. त्यात राज्य, जिल्हा व न्यायालय आस्थापना यांचे संकेत, त्यानंतर अनुक्रमांक आणि शेवटी वर्ष येते; महाराष्ट्रातील क्रमांक ‘एमएच’ या रोमन अक्षरांनी सुरू होतो. एकच दावा क्रमांक वेगवेगळ्या न्यायालयांत असू शकतो. सीएनआर मात्र दुसऱ्या प्रकरणाला दिला जात नाही. म्हणून तो फाईलच्या मुखपृष्ठावर, तक्त्यात आणि संगणकातील फोल्डरच्या नावात असा तिन्ही ठिकाणी लिहावा. तसे केल्यास ‘अंतिम’, ‘नवीन अंतिम’, ‘साहेबांचे नवीन’ अशा नावांच्या फाईलींतून योग्य मसुदा शोधण्याची वेळ येत नाही.

मूळ, प्रत आणि हॅश

इलेक्ट्रॉनिक पुराव्याचे महत्त्व विशद करणारा एक प्रमुख निवाडा महाराष्ट्रातीलच प्रकरणात झाला. २०१४ च्या जालना विधानसभा निवडणुकीत नामनिर्देशनपत्रे विहित वेळेनंतर स्वीकारली गेली काय, हा वाद होता आणि निवडणूक निर्णय अधिकाऱ्याच्या कार्यालयातील चित्रीकरण हा त्यातील पुरावा होता. अर्जुन पंडितराव खोतकर विरुद्ध कैलाश कुशनराव गोरंट्याल या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १४ जुलै २०२० रोजी स्पष्ट केले की, मूळ उपकरण हजर न करता त्यातील माहितीची प्रत दाखल करावयाची असल्यास पुरावा कायद्याच्या कलम ६५-ब खालील प्रमाणपत्र आवश्यक आहे. ते मिळविण्यासाठी पक्षकाराने केलेले सर्व प्रयत्न निष्फळ ठरल्याने त्या प्रकरणात त्याला सवलत मिळाली, हा भागही लक्षात ठेवण्यासारखा आहे.

आता ही तरतूद भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ मध्ये असून प्रमाणपत्राचा नमुना अनुसूचीत दिला आहे. त्याचा एक भाग पक्षकाराने आणि दुसरा तज्ज्ञाने भरावयाचा असतो, आणि त्यात ‘हॅश’ नमूद करावा लागतो. हॅश म्हणजे फाईलमधील समग्र माहितीवरून गणिती पद्धतीने काढलेला ठसा. एसएचए-२५६ या पद्धतीने तो ६४ चिन्हांचा येतो. फाईलमधील एखादा बिंदू जरी बदलला तरी ठसा पूर्णपणे बदलतो. फाईलचे नाव बदलल्याने किंवा तिची तंतोतंत प्रत काढल्याने मात्र तो बदलत नाही.

याचा व्यावहारिक अर्थ असा की, अशिलाने भ्रमणध्वनीवर काढलेले छायाचित्र व्हॉट्सअ‍ॅपवर नेहमीच्या पद्धतीने पाठविले तर ते आकाराने संकोचून पोहोचते. ती मूळ फाईल राहत नाही आणि हॅशही जुळत नाही. तेच ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठविल्यास फाईल मूळ स्वरूपात राहते. अशिलाला ‘फोटो पाठवा’ असे सांगणारा बहुधा कर्मचारीच असतो. त्या वेळी मूळ भ्रमणध्वनी जपून ठेवण्याची आणि त्यातील फाईल न पुसण्याची सूचना त्याने दिली नाही, तर झालेली हानी पुढे वकिलालाही भरून काढता येत नाही.

डिजिटल स्वाक्षरी आणि गोपनीयता

सहीचे स्कॅन केलेले चित्र ही डिजिटल स्वाक्षरी नव्हे. डिजिटल स्वाक्षरी ही दस्तऐवजाचा हॅश आणि स्वाक्षरीकर्त्याची गुप्त कळ यांच्या संयोगाने तयार होते. सही झाल्यावर दस्तऐवज बदलल्यास तपासणीत ते उघड होते. महाराष्ट्रात २०१८ पासून उपलब्ध झालेला डिजिटल स्वाक्षरीयुक्त सातबारा उतारा हे त्याचे परिचित उदाहरण. मात्र असा उतारा छापून पुन्हा स्कॅन केला की स्वाक्षरी निघून जाते आणि केवळ चित्र उरते. म्हणून मूळ पीडीएफ जपून ठेवावी. वकिलाची गुप्त कळ असलेले यूएसबी टोकन संगणकाला कायम लावून ठेवणे योग्य नाही, कारण त्या कळीवर ताबा ठेवण्याची जबाबदारी माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ४२ ने स्वाक्षरीधारकावरच टाकली आहे.

अशिलाने वकिलाला विश्वासाने सांगितलेल्या गोष्टींच्या गोपनीयतेचे बंधन केवळ वकिलापुरते नाही. साक्ष अधिनियमाच्या कलम १३२ नुसार ते वकिलाच्या कारकुनांना व कर्मचाऱ्यांनाही लागू होते. सामायिक पासवर्ड, झेरॉक्सच्या दुकानातील संगणकावर उघडी राहिलेली ई-मेल, किंवा चुकीच्या गटावर पाठविलेला मसुदा यांचा विचार याच बंधनाच्या प्रकाशात करावयास हवा.

बॅकअप

फाईलची दुसरी प्रत त्याच संगणकाच्या दुसऱ्या फोल्डरमध्ये ठेवणे हा बॅकअप नव्हे. डिस्क बिघडली की दोन्ही जातात. इंटरनेटवरील साठवणीशी होणारे ‘सिंक’ हेही पूर्णार्थाने बॅकअप नव्हे, कारण येथे पुसलेली फाईल तेथेही पुसली जाते. आठवड्यातून किमान एकदा स्वतंत्र बाह्य डिस्कवर प्रत घ्यावी, काम होताच ती डिस्क संगणकापासून अलग करावी आणि महिन्यातून एकदा त्यातील एखादी फाईल उघडून पाहावी.

निष्कर्ष व सूचना

१. मजकूर व चित्र, फॉन्ट व युनिकोड, मूळ व प्रत, सही व सहीचे चित्र, सिंक व बॅकअप हे भेद समजणे हेच वकिली कार्यालयातील खरे संगणक-शिक्षण होय.

२. प्रत्येक कार्यालयाने फाईलींची नावे, तारखांचे स्वरूप, स्कॅनिंग व बॅकअप यांविषयी एका पानाची लेखी कार्यपद्धती तयार करून ती संगणकाशेजारी लावावी. कर्मचारी बदलला तरी पद्धत टिकली पाहिजे.

३. मुदतीची तारीख संगणकाने काढली तरी ती दिनदर्शिकेवर हाताने मोजून दुसऱ्या व्यक्तीने तपासावी.

४. सोलापुरातील विधी महाविद्यालये व वकील संघ यांनी कर्मचाऱ्यांसाठी न्यायालयीन कागदपत्रांवर आधारित अल्पमुदतीचे मराठी वर्ग घ्यावेत. सर्वसाधारण अभ्यासक्रमात पत्र टंकलिखित करण्याचा सराव होतो. कॅव्हेटची मुदत मोजण्याचा किंवा अशिलाचा मूळ पुरावा जपण्याचा होत नाही.

कर्मचाऱ्याच्या हातून झालेल्या तांत्रिक चुकीचा भुर्दंड अखेर पक्षकाराला सोसावा लागतो, आणि त्याला त्या चुकीचे नावही ठाऊक नसते. दूरच्या खेड्यातून दिवसाचा रोजगार बुडवून तारखेला येणाऱ्या अशिलाच्या दृष्टीने या परिभाषेचे मोल मोठे आहे. म्हणून तिचे शिक्षण कर्मचाऱ्याच्या हौसेवर न सोडता कार्यालयाने स्वतःचे कर्तव्य मानून द्यावे.